बाई पुस्तकात आहे, पण लेखणी कुणाच्या हातात?

पालघर-बोईसरकडच्या कुणी विचारलं की आपल्या भागावरचं कुठलं मराठी पुस्तक वाचू, तर मी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ सांगते. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लग्नासाठी सावकाराचं कर्ज घेऊन त्याच्याकडे जोडीनं राबणारे लग्नगडी, वेठबिगारी आणि १९४५चा वारल्यांचा उठाव हे सगळं त्यात आहे. भीती कशी जाते, ते बाई टप्प्याटप्प्यानं दाखवतात. उगाच कीव करत नाहीत. पुस्तक टिकलंय ते म्हणूनच.

तरी मला एक गोष्ट खटकते. यातल्या वारली बायकांचं सोसणं आणि लढणं आपल्यापर्यंत येतं ते गोदावरीबाईंच्या ‘मी’मधून. त्यांना अक्षराची किंमत माहीत होती. १९३७-३८मध्ये त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती. पण जीव वाचवायच्या लढाईत पाटी-पेन्सिल मागे राहणारच. दोष त्यांचा नाही, उणीव मात्र उरते.

या बायकांना व्यक्त होता येत नव्हतं, असं तर मुळीच नाही. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात त्या सुवासिनी. लग्नाची गाणी म्हणते ती धवलेरी. फक्त भिंतीवर सही नसते. पुढे चित्र कागदावर आलं, जगभर गेलं, तेव्हा सगळ्यात मोठं झालेलं नाव होतं जिव्या सोमा मशे या पुरुषाचं.

जपानमधल्या कावासाकी शहरात साकुरामोतो नावाची वस्ती आहे. गरिबी, युद्ध आणि मुलगी असणं यांमुळे शाळा हुकलेल्या तिथल्या कोरियन आज्या म्हातारपणी लिहायला शिकल्या. त्यांनी स्वतः लिहिलेल्या आयुष्यांचं पुस्तक २०१९मध्ये निघालं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा : ‘मीही या काळाचा एक भाग आहे.’

आपल्याकडे अंगठ्याच्या जागी सही आली की बाई साक्षर झाली, असं आपण धरून चालतो. पण सही दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदाखाली असते. स्वतःचं वाक्य ही वेगळी गोष्ट आहे. गोदावरीबाईंचं पुस्तक वाचाच. वाचून झाल्यावर वारली बाईनं स्वतः लिहिलेलं पुस्तकही शोधा. मी अजून शोधतेय.