मृगयाग्रंथ व जलाशय : एका मताचे परीक्षण

राजेलोकांच्या शिकारीनेच हिवाळी पाणपक्ष्यांची तळी राखली, असे मत शिकारीच्या जुन्या पोथ्या व चित्रे जमविणाऱ्या मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. त्याची कसोटी घ्यावयास दोन छापील ग्रंथ हाताशी आहेत. एक, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याचा 'मानसोल्लास'. दुसरा, हरप्रसाद शास्त्री यांनी 1910 साली कलकत्त्यास प्रसिद्ध केलेले रुद्रदेवाचे 'श्यैनिकशास्त्र'.

सोमेश्वराने श्येन, मत्स्य व मृगया हे विनोद चौथ्या विंशतीत घातले आहेत. विहिरी, तळी ज्यात येतात ते इष्टापूर्त मात्र पहिल्या विंशतीत, राजाच्या धर्माचरणात आहे. हा भेद ग्रंथकाराचाच आहे, आमचा नव्हे. त्याच्या काळी करवीर प्रांत चालुक्यांचे मांडलिक शिलाहार यांच्याकडे होता. त्यांपैकी गंडरादित्याने मिरज प्रांती इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचे तळे बांधून काठी शिव, बुद्ध व जिन यांची देवालये उभारली. जोतिबाच्या डोंगरावरील यमाईसमोरचे एक तीर्थ जिजाबाईसाहेबांनी 1743 च्या सुमारास बांधविल्याचे 1886 चे ग्याझेटियर सांगते. तळी झाली ती पुण्यासाठी व पाण्यासाठी. बदके मागाहून उतरली. करवीर दरबारची चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार प्रसिद्धच आहे, पण ती माळावरची. तिचा येथे उपयोग नाही.

श्यैनिकशास्त्राचा पुरावा अधिक विचारार्ह आहे. ससाण्यांची पिसे झडण्याच्या काळात, म्हणजे उन्हाळा व पावसाळ्यात, त्यांस उडवीत नाहीत. यावरून जुन्या शिकारीत पक्ष्यांस आपोआप विसावा मिळे असे कोणी म्हणेल. येथील पाण्यावर पावसाळ्यात वीण घालणाऱ्या हळदीकुंकू बदकापुरते ते खरेही आहे. परंतु पट्टकादंब हंस तिबेट व मंगोलियाकडे वीण घालून हिवाळ्यात दख्खनेत येतो. तो येतो तेव्हाच ससाणा नव्या पिसांचा होतो व तेव्हाच बंदूकही बाहेर पडे. ज्या ऋतूत विसावा, त्या ऋतूत हा पाहुणा येथे नसतोच. सबब हा युक्तिवाद पाहुण्यांस लागू पडत नाही.

प्रतिपक्षाचे खरे बळ भरतपुरास आहे, व ते आम्ही नाकारीत नाही. तेथे बांध घालून पाणी धरले ते शिकारीसाठीच. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तेच केवलादेव 1981 साली रामसर यादीत व 1985 साली जागतिक वारशात गेले. पाणी टिकले, शिकार गेली. आमच्याकडे नांदूर मध्यमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथील पाणी शेतीच्या बंधाऱ्याचे.

1972 चा वन्यजीव कायदा व त्याची 1991 ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीस परवाना उरला नाही. आता ही परंपरा राहील ती कागदांतच. त्यांतही संग्राहक शिकारीची चित्रे जपतात व शिकारखान्याच्या नोंदवह्या रद्दीत जाऊ देतात, हे आम्हांस उफराटे वाटते. चित्रात राजाची मुद्रा दिसते. वहीत तारीख, तळ्याचे नाव व पक्ष्याचे देशी नाव सापडण्याचा संभव असतो. त्याच तळ्याच्या पाटाचा व गाळ काढण्याचा हिशेब त्या वहीशेजारी ठेवल्यास कोणत्या साली पाणी होते आणि कोणत्या साली पक्षी आले, हे ताडून पाहता येईल.