डावा खांदा, उजवी रायफल आणि चुकीचा रकाना

व्हेरिएबल कसं ठरवायचं यावर लिहिते म्हटलं होतं. पुस्तकी व्याख्या तुम्हाला नेट-सेटच्या तयारीत पाठ झालीच असेल. म्हणून आज उदाहरण घेते ते रायफलीचं.

मी डावखुरी आहे. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पहिल्यांदा .२२ ची रायफल हातात आली आणि मी ती साहजिकच डाव्या खांद्याला लावली. पोटावर झोपून पाच गोळ्या मारायच्या. बोल्ट रायफलीच्या उजवीकडे. उजवा माणूस गोळी मारल्यावर चापावरचा हात उचलतो, बोल्ट मागे-पुढे करतो, की नवी गोळी आत. टेकण दिलेला डावा हात जागचा हलत नाही. मला मात्र एकतर डावा हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागायचा, नाहीतर टेकणाचा उजवा हात काढावा लागायचा. मग नळी खाली! गोळ्या टारगेटभर विखुरल्या. "डावखुरी आहे, चालायचंच," असा शेरा मिळाला आणि तेव्हा मला तो पटलाही.

आता पटत नाही. 'डावखुऱ्यांची नेमबाजी कच्ची' असं कुणी प्रपोजलमध्ये लिहिलं, तर माझा पहिला प्रश्न असेल: कोणत्या रायफलीवर?

सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्या. चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढची गोळी भरणं ही कामं रायफल स्वतः करते. म्हणजे माझी मुख्य अडचण इथे उरतच नाही! तरी डावखुऱ्यांची तक्रार सेमी-ऑटोबद्दलही असतेच, कारण पुंगळी. बहुतेक रायफलींत ती उजवीकडून बाहेर पडते, आणि डाव्या खांद्याने मारणाऱ्याचं तोंड नेमकं रायफलीच्या उजव्या अंगाला असतं. गरम पितळ गालाजवळून जाणार म्हटल्यावर माणूस डोळे मिटणार, दचकणार. यात हाताच्या कौशल्याचा संबंध किती, सांगा बघू.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत हेच होत होतं. १९८० च्या दशकात आलेल्या एम-१६ए२ मध्ये पुंगळीच्या खिडकीमागे धातूचा एक छोटा उंचवटा दिला. पुंगळी त्यावर आपटून चेहऱ्यापासून दूर जाते. झालं काम. कुणालाही हात बदलायला लावला नाही.

कॉकिंग हँडलची गंमत तर उलटीच आहे. एके-४७ मध्ये ते उजवीकडे असतं. उजव्या माणसाला त्यासाठी सहसा चापावरचा हात काढावा लागतो. डावखुऱ्याचा चापावरचा हात तिथेच राहतो, तो मोकळ्या उजव्या हाताने हँडल ओढतो. आपल्याकडच्या एसएलआर आणि इन्सासमध्ये हँडल डावीकडे, तिथे सोय उजव्याची. म्हणजे एकच माणूस एका रायफलीवर 'अडचणीतला' आणि दुसरीवर 'सोयीतला'. मग डावखुरेपण हा दोष कुठे राहतो?

सगळ्यात बोलकी जोडी एसए-८० आणि स्टायर ऑगची. दोन्हींत मॅगझिन चापाच्या मागे असतं, त्यामुळे पुंगळीची खिडकी थेट गालाशी येते. ब्रिटिशांची एसए-८० १९८५ मध्ये सेवेत आली. पुंगळी उजवीकडे, आणि हँडलही बोल्टबरोबर मागे-पुढे धावणारं. डाव्या खांद्याने मारलं तर तोंडच फुटेल, म्हणून डावखुऱ्या सैनिकांनाही उजव्या खांद्यानेच शिकवतात. ऑस्ट्रियाने १९७७ मध्येच स्वीकारलेल्या ऑगमध्ये मात्र बोल्ट बदलून आणि खिडकीचं झाकण दुसऱ्या बाजूला लावून पुंगळी डावीकडून काढता येते. मला एसए-८० चा आराखडा आळशी वाटतो. उपाय आधीच माहीत होता. पण रिसर्चच्या दृष्टीने बघा: सगळे उजव्या खांद्याने मारतात अशा ठिकाणाहून तुम्ही स्कोअर गोळा केलेत, तर तुम्ही डावखुरेपण मोजाल की सक्ती?

आता आपल्या बाजूची, म्हणजे मोजणाऱ्यांची चूक. हात ठरवायला आपण सर्रास ओल्डफिल्डची १९७१ ची एडिनबरा प्रश्नावली चिकटवतो. दहा कामं: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणं, डबा उघडणं. प्रश्नावली वाईट नाही, ती मेंदूविज्ञानासाठी बनवली होती. पण यातलं एकही काम एक डोळा मिटून, नेम धरून करायचं नाही. नेमबाजीत हाताइतकाच डोळा लागतो, आणि डोळा हाताचं ऐकतोच असं नाही. बुरासा, मॅकमॅनस आणि ब्रायडन यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. डावखुऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्क्यांचाच डावा डोळा प्रबळ निघाला. उजव्यांपैकीही सुमारे ३४ टक्क्यांचा डावाच! म्हणजे तुमच्या 'डावखुरे' गटात दोन वेगळे गट मिसळलेत आणि 'उजवे' गटही शुद्ध नाही. टी-टेस्ट लावाल, पी-व्हॅल्यूही येईल. पण ती कशाची?

त्यामुळे शीट बनवताना 'डावा/उजवा' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या खांद्याने मारलं, कोणता डोळा प्रबळ, बोल्ट हाताने ओढायचा की आपोआप, पुंगळी कुठून पडते, हँडल कुठे, त्याच खांद्याने सराव किती, असे रकाने लागतील. सॅम्पल मोठं लागेल, गाईड वैतागतील. वैतागू देत.

डोळा तपासायला दोन्ही हातांच्या बोटांत छोटी फट ठेवून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो, तो प्रबळ. गेल्या वर्षी लॅबमध्ये गंमत म्हणून मी हे केलं आणि माझा डोळा उजवा निघाला. म्हणजे कॅम्पवर मी चुकीच्या डोळ्याने नेम धरत होते, ही शक्यताही आहेच. त्या पाच गोळ्या बोल्टमुळे विखुरल्या की डोळ्यामुळे, हे आता कळायला मार्ग नाही. कागदावर फक्त 'डावखुरी' एवढंच लिहिलं होतं.