बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा : लोकप्रियता आणि मूल्यमापन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बाबुराव अर्नाळकर (1906–1996) यांचा निर्देश बहुधा एका संख्येच्या आधाराने होतो. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, एवढी नोंद केली की इतिहासकार पुढील प्रकरणाकडे वळतो. वस्तुतः ही संख्या म्हणजे मूल्यमापन नव्हे. एवढे विपुल लेखन दोन-तीन पिढ्यांनी इतक्या आवडीने का वाचले आणि त्यातून वाचकाच्या मनातील कोणती कल्पना आकाराला आली, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न आहे.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईच्या किनाऱ्यावरील अर्नाळा या गावावरून त्यांनी आपले लेखननाम घेतले. त्यांच्यापूर्वी मराठीत रहस्याची गोडी नव्हती असे नाही. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्या लिहून अद्भुताचा आणि उत्कंठेचा वाचकवर्ग तयार केलेला होता. परंतु दातारांचे रहस्य भुयारांत, वाड्यांत आणि संस्थानी कारस्थानांत वावरते. अर्नाळकरांनी ते मुंबईच्या रस्त्यावर आणले. मोटारी, दूरध्वनी, पेढ्या, बंगले, गोदी आणि पोलीसचौकी ही त्यांच्या कथेची सामग्री होय. मराठी रहस्यकथा नागर झाली ती प्रामुख्याने त्यांच्या हातून.

त्यांच्या नायकांची घडण परदेशी साच्यांतून झाली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. धनंजय आणि त्याचा सहायक छोटू ही जोडी होम्स-वॉटसन परंपरेतील आहे. काळापहाडाकडे पाहताना ब्रूस ग्रीमचा ‘ब्लॅकशर्ट’ आठवतो, तर झुंजार आणि त्याची पत्नी विजया यांना पाहून इंग्रजी वाचकास बर्कली ग्रेच्या नॉर्मन काँक्वेस्टचे स्मरण होते. तथापि उसनवारीचा आरोप करून येथेच थांबणे उथळपणाचे ठरेल. साचा परका असला तरी तो मराठी वाचकाला आपला वाटावा यासाठी अर्नाळकरांनी काय केले, हे पाहिले पाहिजे. त्याची पहिली खूण नावांत सापडते. ‘झुंजार’ हा शब्द बखरी आणि पोवाडे यांच्या संस्कारातून आलेला आहे. तो उच्चारताच पराक्रमाचा एक परिचित संदर्भ जागा होतो. ‘काळापहाड’ या नावात काळोख आणि कणखरपणा एकत्र येतात. दुसरी खूण विजयेच्या चित्रणात आहे. ती पतीच्या साहसात सहभागी होते. केवळ सुटकेची वाट पाहणारी अबला म्हणून ती उभी नाही. त्या काळच्या मध्यमवर्गीय कौटुंबिक कादंबरीतील पत्नीशी तुलना केल्यास हा फरक लहान वाटत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न न्यायाचा आहे. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश 1932 पासून सत्याचा शोध घेतो; उर्दूत इब्न-ए-सफ़ी यांच्या 1952 मध्ये सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’त फ़रीदी हा शासनयंत्रणेतील अधिकारीच आहे. अर्नाळकरांचे अत्यंत लोकप्रिय नायक मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर उभे आहेत. ते दुर्जनांना लुटतात, दुबळ्यांना सोडवतात आणि पोलिसांना हुलकावणी देतात. ही कल्पना 1940 च्या दशकात रुजली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कायदा परक्या सत्तेचा होता. त्यामुळे कायदा आणि न्याय यांतील अंतर वाचकाला निराळे समजावून सांगावे लागत नव्हते. मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे मानले तर 1947 नंतर या नायकांचे आकर्षण ओसरावयास हवे होते. तसे झाले नाही. काळाबाजार, 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर फोफावलेला चोरटा धंदा आणि महानगरातील नवा पैसा यांमुळे ते अंतर स्वराज्यातही बुजले नाही. सामान्य माणसाच्या या अविश्वासाला अर्नाळकरांनी मनोरंजनाचे रूप दिले. ते त्याची मीमांसा करीत नाहीत. परंतु ज्या काळातील प्रतिष्ठित कादंबरीने या अविश्वासाकडे क्वचितच पाहिले, त्या काळात तो त्यांच्या पानांवर स्पष्ट दिसतो.

कलादृष्ट्या या लेखनाच्या मर्यादा ठळक आहेत. ‘रहस्यकथा’ हे नाव ज्या लहानशा पुस्तकाला मिळाले, ते धड कथाही नव्हते आणि धड कादंबरीही नव्हते. एका बैठकीत संपणारा हा आकार होता. लघुकथेची एकाग्रता त्यात साधत नाही आणि कादंबरीला लागणारा स्वभावाचा विकासही होत नाही. वाचकासमोर सर्व दुवे ठेवून त्याच्या बुद्धीला आव्हान देणारी ख्रिस्ती-पद्धतीची रचना येथे विरळ आहे. रहस्याचा उलगडा तर्कापेक्षा वेषांतर, योगायोग आणि नायकाचे धाडस यांवर अधिक अवलंबून राहतो. खलपुरुष एकरंगी आहेत आणि प्रसंगांची पुनरावृत्ती वारंवार जाणवते.

या सर्व उणिवांसह एक गोष्ट उरते, ती त्यांच्या गद्याची. वाक्य लहान, क्रियापद गतिमान, वर्णन कामापुरते आणि संवाद कथानकाला पुढे नेणारा. अलंकारिकतेचा सोस असलेल्या काळात हे गद्य उठून दिसते. फिरत्या वाचनालयांतून थोड्या पैशांत मिळणाऱ्या या पुस्तकांनी शाळकरी मुलगा, कारकून आणि कामगार यांना सलग वाचनाची सवय लावली. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांना पुढे जो वाचक लाभला, त्याची पूर्वतयारी येथे झालेली होती.

अर्नाळकरांना श्रेष्ठ साहित्यिक ठरविण्याचा आग्रह अनाठायी आहे. त्यांना केवळ करमणुकीचे कारखानदार मानणेही तितकेच अन्यायाचे आहे. त्यांच्या हजार पुस्तकांतून मोजक्या कथांची चिकित्सक निवड करणे, मूळ इंग्रजी कृतींशी त्यांची तुलना करणे आणि वाचनालयांत उरलेल्या प्रती जतन करणे, ही कामे अभ्यासकांनी हाती घेतली पाहिजेत. स्वस्त कागदावर छापलेली ही पुस्तके हाताळून जीर्ण झाली आहेत. ती नष्ट झाली, तर मराठी समाजाने अर्धशतक न्यायाविषयी कोणते स्वप्न पाहिले, याचा एक मोठा पुरावाच नाहीसा होईल.