रीतभात लिहिताना

पॅरिशच्या स्मरणिका, नाताळचे विशेषांक आणि समाजाची लहानमोठी नियतकालिके यांतून रूढी, खाद्यपदार्थ व श्रद्धा यांविषयीचे लेखन सातत्याने येत असते. उंबराचे पाणी, बाटली मसाला, फुगे, चित्याप, अगेरा, मोतमाउलीची जत्रा ही नावे आपल्या वाचकाच्या तोंडची आहेत. या लेखनामागील जिव्हाळ्याविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु समीक्षेच्या वाट्याला ते जवळजवळ येतच नाही. कविता, कथा, नाटक हे तेवढे साहित्य आणि रीतभातीचे लेख म्हणजे केवळ आठवणी, असा एक समज रूढ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाही. ज्या समाजाने स्वतःविषयी फार थोडे लिहून ठेवले, त्याच्या बाबतीत हेच लेख उद्याचे दस्तऐवज ठरणार आहेत. म्हणून त्यांना काही कसोटी लावणे आवश्यक आहे.

आमची कसोटी साधी आहे. अशा लेखात नामे किती आणि क्रियापदे किती, हे पाहावे. बाटली मसाल्यात वीस-तीस जिनसा असतात आणि तो गडद रंगाच्या बाटल्यांत भरतात, एवढे सांगणारा लेख आपल्या हाती एक यादी देतो. पण ती मिरची ऐन उन्हाळ्यात अंगणात वाळत कोण घालीत होते, भाजताना घरभर ठसका कसा उठत होता, घरोघर फिरणाऱ्या मसाला कुटणाऱ्या बाया कोठून येत, उखळाभोवती त्या कशा उभ्या राहत, त्यांना मजुरी काय मिळे आणि जेवायला कोणत्या ओटीवर बसवीत, हे सांगणारा लेख आपल्याला एक समाज दाखवतो. पहिल्या प्रकारचे लेख उदंड आहेत, दुसऱ्या प्रकारचे विरळ. एल्सी विल्हेल्मिना बाप्टिस्टा यांनी १९६७ साली ईस्ट इंडियन समाजावर समाजशास्त्रीय दृष्टीने ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत. त्या वाटेने मराठीत जाणारे फारसे कोणी दिसत नाही.

विरोधाभास असा की, आपल्या रीतिभातींची अधिक बारकाईने नोंद काही वेळा त्यांच्या वैऱ्यांनी केली आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी एक आज्ञापत्र काढले. अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे (१९६१) ते अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. विवाहप्रसंगी वाजणारी वाद्ये, पानसुपारी व फुले वाटणे, हळद आणि तेल लावणे, लग्नापूर्वी भात कांडताना व मसाला वाटताना होणारे समारंभ, अंगणातली तुळस, पुरुषाचे धोतर आणि स्त्रीची चोळी अशा कितीतरी गोष्टींवर त्यात बंदी आहे. इतकेच नव्हे, तर मीठ न घालता भात शिजवून मागाहून त्यात मीठ मिसळणे हेदेखील निषिद्ध ठरवले आहे! हे वाचताना संताप येतो, आणि तो यावाच. परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहता एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. बंदी घालणाऱ्याला कृती अचूक सांगावी लागते. ‘त्यांच्या जुन्या चालीरीती’ असे मोघम म्हणून त्याचे भागत नाही. मीठ केव्हा पडते, हेसुद्धा त्याला लिहावे लागते. आपल्या कौतुकाच्या लेखांना मात्र मोघमपणा चालतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. या आज्ञापत्राच्या संदर्भात येणारी साष्टी ही गोव्यातली. ठाण्याची साष्टी नव्हे. उत्तरेकडील साष्टी १७३७ साली मराठ्यांनी घेतली आणि १७३९ मध्ये वसई पडली. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती गावठाणांचा इतिहास गोव्याहून निराळ्या वळणाने गेला. मांडव, हळद आणि लग्नाच्या ओव्या येथे टिकल्या. त्या का आणि कशा टिकल्या, हा अभ्यासाचा विषय आहे. तो यादीत मावणारा नाही.

परक्याने प्रेमाने आणि तरीही बारकाईने लिहावे, याचे एक उदाहरण दूरच्या जावा बेटाचे आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी पूर्व जावातील एका गावात राहून ‘द रिलिजन ऑफ जावा’ (१९६०) हा ग्रंथ लिहिला. त्याचा प्रारंभच ‘स्लामेतान’ नावाच्या भोजनविधीने होतो. जन्म, सुंता, विवाह, मृत्यू, घर बदलणे, अशा कोणत्याही निमित्ताने शेजारचे पुरुष सायंकाळी एकत्र येतात. चटईवर बसतात, धूप जळत असतो, यजमान दरबारी जावानीज भाषेत निमित्त सांगतो, अरबी प्रार्थना होते. मग प्रत्येकजण चार घास खातो आणि उरलेले अन्न केळीच्या पानात बांधून घरी बायकामुलांसाठी नेतो. ज्या स्त्रियांनी ते रांधले, त्या भिंतीपलीकडे असतात. हे वाचल्यावर पदार्थाची कृती आपल्याला ठाऊक होत नाही, पण शेजार म्हणजे काय, हे कळते. कोण बसतो, कोण बोलतो, कोण आत राहतो, अन्न शेवटी कोठे जाते, या चार प्रश्नांची उत्तरे तेथे आहेत. आपल्या उंबराच्या पाण्याविषयी हेच चार प्रश्न विचारून पाहावेत. विहिरीवर कोण जाते? वाजंत्र्यांपुढे कोण चालते? कोणाला बोलावीत नाहीत? विहीर बुजल्यावर पाणी कोठून येते?

याच लेखकाचा १९५७ सालचा एक निबंध आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. त्या गावात एक दहाएक वर्षांचा मुलगा वारला. घरचा माणूस विरोधी राजकीय पक्षाचा, म्हणून धर्मविधी करणाऱ्याने हात आखडता घेतला. प्रेताची तयारी अडली, आणि शेजाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी असलेला विधीच कलहाचे कारण झाला. विधीचे शब्द तेच होते, अन्न तेच होते. बदलली होती ती पायाखालची जमीन. माणसे राहू लागली होती शहरवासीयांसारखी, आणि विधी मात्र खेड्यातल्या शेजाराचा अर्थ सांगत होता.

पायाखालची जमीन! आपल्याकडे हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा आहे. अगेरा हा नव्या पिकाचा सण. शेतातली पहिली लोंबी कापून वेदीवर न्यायची. आज उपनगरांतील अनेक ठिकाणी शेत उरलेले नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. बँड वाजतो, लुगडी नेसली जातात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या वर्षीच्या स्मरणिकेत ‘परंपरा जपली’ असे छापून येते. परंपरा जपली हे खरे, पण शेत कोठे गेले, हे वाक्य त्या लेखात असू नये काय?

या दृष्टीने आम्ही वाचकांचे लक्ष माहुलकडे वेधू इच्छितो. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील हे कोळ्यांचे जुने गाव. समोर खाडी, चिखलाची पसरण, तिवरांची रांग, आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी. या चिखलाने पिढ्यान्‌पिढ्या निवटे, चिंबोऱ्या, कोलंबी दिली. १९५४-५५ मध्ये या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले; पुढे रसायनांच्या टाक्याही आल्या. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध रहिवाशांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०१५ साली न्यायाधिकरणाने येथील लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. त्यानंतरही, २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेला राहणारी कुटुंबे मोठ्या संख्येने याच माहुलच्या इमारतींत आणून वसवण्यात आली.

माहुलचा कोळी बहुतांशी हिंदू आहे. मग ख्रिस्ती त्रैमासिकाने त्याचा विचार का करावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, रीतभातीच्या लेखनात धर्माची भिंत घालणे हेच त्या लेखनाचे मोठे वैगुण्य आहे. ८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीला मेण वाहणाऱ्यांत हिंदू कोळी असतातच. वलांडीवर वाळणारा बोंबील, पावसाळ्यापूर्वी भरलेली आगोट आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटलेली होडी यांना पॅरिशचे रजिस्टर ठाऊक नाही. ख्रिस्ती कोळणीच्या आणि हिंदू कोळणीच्या कालवणात मसाला निराळा असेल, पण मासळी एकाच समुद्राची. ती खाडी विषारी झाली तर दोघींच्या पाककृती सारख्याच निरर्थक होतात. माहुलवर लिहिणारा लेखक कालवणाची कृती देऊन थांबला, तर त्याने अर्धेच लिहिले. निवटे पकडायला आज कोण चिखलात उतरते, हातापायांना काय होते, बाजारात ‘माहुलची मासळी’ म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणते, हे त्याने विचारले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. घरे विखुरली, बोली मुलांच्या तोंडून जात आहे. अशा वेळी निदान यादी तरी राहू द्या, असे वडीलधारी म्हणतात. नाव लक्षात राहिले तर वस्तू पुन्हा शोधता येते, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांस पटतो. यादी जरूर करावी. परंतु यादी हा साहित्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. शिवाय चर्चची भूमिकाही आता बदललेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत स्थानिक संस्कृतीला वाट मोकळी केली, आणि १९६९ मध्ये भारतीय पद्धतीच्या काही उपासनाचिन्हांना रोमची मान्यता मिळाली. एके काळी जे निषिद्ध होते ते आता मंचावर सन्मानाने येते. बंदीचा काळ गेला, हे प्रभूची कृपा म्हणून स्वीकारावे. मात्र स्वागताच्या काळात एक नवा धोका असतो. मंचावर आलेली रीत टाळ्या घेते आणि प्रश्न विचारू देत नाही.

म्हणून नव्या लेखकांकडून आमची अपेक्षा थोडकी आहे. आजीच्या हातच्या चवीचे वर्णन करावे, पण आजीचे हात कशाने खरखरीत झाले होते तेही लिहावे. सण सांगताना त्या सणाचे पाणी, जमीन आणि मजुरी सांगावी. ज्याला पंगतीत बसवले नाही, त्याचेही नाव घ्यावे. बंदी घालणाऱ्याने मिठाची वेळसुद्धा टिपून ठेवली; प्रेम करणाऱ्याने त्याहून कमी टिपू नये.