जँगोचा सिरिअलायझर: सोय उत्तम, पण डेटासेट म्हणून देण्याआधी थांबा

संशोधनाचा डेटा जँगोच्या मॉडेलमध्ये साठवला असेल, तर तो जेसनमध्ये काढायला एक ओळ पुरते. एक्सएमएल आणि यॅमलही तितक्याच सहज मिळतं. म्हणूनच बरेच जण ही फाईल प्रबंधासोबत तशीच जोडून देतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आधी या साधनाचं चांगलं काय ते बघू. प्रत्येक नोंदीसोबत मॉडेलचं नाव, प्रायमरी की आणि फील्ड्स असे तीन भाग येतात, त्यामुळे तोच डेटा पुन्हा जँगोत भरणं सोपं जातं. डेसिमल संख्या स्ट्रिंग म्हणून लिहिली जाते, म्हणजे दशांश स्थळं बिघडत नाहीत. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो.

वेळेच्या बाबतीत मात्र तसं नाही. समजा, सेन्सरची एक नोंद १०:१५:३०.१२३४५६ ची आहे आणि दुसरी १०:१५:३०.१२३९८७ ची. जेसनमध्ये दोन्ही १०:१५:३०.१२३ होतात. मिलिसेकंदानंतरचे आकडे चक्क कापले जातात, पूर्णांकनसुद्धा होत नाही. कारण जावास्क्रिप्टच्या तारखेचा प्रमाण नमुना इथे पाळलाय. वेबसाईटला याने काही फरक पडत नाही, पण दोन घटनांमधलं अंतर मोजणाऱ्याचा निष्कर्षच बदलू शकतो. आणि गंमत बघा, त्याच साधनाचं एक्सएमएल रूप मायक्रोसेकंद जपतं! म्हणजे फॉरमॅट निवडणं ही नुसती आवडीची बाब नाही.

दुसरा मुद्दा फॉरेन कीचा. फाईलमध्ये 'सेन्सर: ७' एवढंच येतं. हा सातवा सेन्सर कोणता, हे तुमच्या डेटाबेसबाहेर कुणाला कळणार? त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये त्याच क्रमांकाची नोंद आधीच असेल, तर फाईल भरताना ती पुसून तुमची नोंद तिच्या जागी बसते. नॅचरल कीची सोय आहे, पण ती आपल्याला लिहून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही.

मग हे साधन वाईट का? नाही. ते एका जँगोतून दुसऱ्या जँगोत डेटा न्यायला बनवलंय आणि ते काम चोख करतं. अनोळखी संशोधकाला वाचता येईल असा डेटासेट बनवणं हे त्याचं काम नव्हतंच. ते आपलं काम आहे.

तेव्हा तुम्ही निदान एवढं करा: फाईल रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरा आणि मूळ नोंदींशी एकेक फील्ड ताडून बघा. फाईलसोबत प्रत्येक फील्डचा अर्थ, एकक आणि टाइमझोन लिहून द्या. कोड चालला, एरर आली नाही, एवढ्यावर डेटा शाबूत आहे असं धरू नका. इथे डेटा हरवतो तेव्हा एरर येतच नाही.