डेव्हिड मॅलिन यांचा मृग : मुद्दाम बिघडवलेला फोकस

रात्रीच्या आकाशाचा फोटो कुणाला दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला : "तारे शार्प आलेत का?" ट्रायपॉड जागचा हलला नाही तरी पृथ्वी तासाला १५ अंश फिरतेच. २४ मिमीच्या लेन्सने २० सेकंद शटर उघडं ठेवलंत तरी मृगातल्या ताऱ्यांच्या बारीक रेघा होतात. मग लोक ट्रॅकर घेतात आणि रेघा घालवतात.

मॅलिन यांनी रेघही ठेवली आणि वर फोकसही बिघडवला. हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, १९७५ मध्ये अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत रुजू झालेले. फिल्मच्या जमान्यात त्यांनी कॅमेरा स्थिर ठेवून मृग सरकू दिला आणि मधूनमधून फोकस थोडा थोडा ढळवला. त्यामुळे प्रत्येक तारा बारीक रेघेने सुरू होतो आणि पुढे पंख्यासारखा पसरतो. फोटो शोधून बघाच. काक्षी नारिंगी, राजन्य निळसर, आणि बाणाच्या तीन ताऱ्यांजवळचा तेजोमेघ गुलाबी.

हे रंग एरवी कुठे जातात? फिल्मवर (आणि आजच्या सेन्सरवरही) लाल, हिरवा, निळा अशी तीन मापटी आहेत असं समजा. तेजस्वी ताऱ्याचा सगळा प्रकाश एकाच ठिपक्यावर ओतला की तिन्ही मापटी शिगोशीग भरतात आणि उरलेला प्रकाश सांडतो. तिन्ही भरलेली म्हणजे पांढरा! काक्षीचं तापमान साधारण ३,५०० केल्विन, राजन्यचं १२,००० च्या आसपास. शार्प फोटोत दोघेही सारखेच पांढरे ठिपके. तोच प्रकाश पसरवला की मापटी भरत नाहीत आणि फरक दिसतो. ट्रॅकर वापरला असता तर हे सगळे पसरट ठिपके एकावर एक पडले असते. इथे त्यांना शेजारी शेजारी मांडायचं काम पृथ्वीनेच केलंय.

माझ्या दोन तक्रारी आहेत. मंद तारे पसरता पसरता विरून जातात, म्हणजे हे नक्षत्राचं पूर्ण चित्र नव्हे. आणि तेजोमेघाचा गुलाबी रंग फिल्मला दिसतो तसा आहे. डोळ्यांना तो तसा दिसत नाही. तरीही आज स्लायडर ओढून रंगवलेल्या आकाशांपेक्षा मला हा फोटो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इथला रंग ताऱ्याकडून आलाय.

आमच्या क्षेत्रातही ही युक्ती चालते, बरं का. ताऱ्यासमोरून ग्रह जाताना प्रकाशातली किंचित घट मोजायची असेल, तर कित्येकदा दुर्बिणीचा फोकस मुद्दाम बिघडवतात. प्रकाश अनेक पिक्सेलवर वाटला जातो आणि मापन जास्त भरवशाचं होतं.

डिसेंबर-जानेवारीत मृग संध्याकाळनंतर पूर्वेला वर येतो. ५० मिमीची लेन्स लावा, ३०-३० सेकंदांचे फोटो एकामागून एक घ्या, दर काही फोटोंनी फोकसची रिंग केसभर फिरवा, आणि शेवटी सगळे एकत्र जोडा. रिंग फिरवताना ट्रायपॉडला धक्का लागू देऊ नका, तेवढं मात्र जपा.