आकाशचित्रे आणि अभिप्रायाची भाषा : घाटघरच्या एका छायाचित्राच्या निमित्ताने

१

चित्रप्रदर्शनाच्या दाराशी जी अभिप्रायवही ठेवलेली असते, तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक एखाद्या समाजात कलाकृतीविषयी बोलण्याची भाषा कितपत तयार झाली आहे, हे त्या वहीवरून जितके कळते तितके समीक्षाग्रंथांवरून कळेलच असे नाही. प्रस्तुत लेखात रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रांवर दिल्या जाणाऱ्या अभिप्रायांचा विचार करावयाचा आहे. निमित्त एका विद्यार्थिनीच्या चित्राचे आहे. चित्र जुन्नर तालुक्यातील घाटघर येथे, नाणेघाटाच्या माथ्यालगतच्या माळावर, मे महिन्यातील एका अमावास्येच्या आसपास घेतलेले आहे.

चित्र दक्षिणाभिमुख आहे. खाली जीवधन किल्ल्याचा काळसर उठाव, त्याच्या उजव्या म्हणजे पश्चिमेच्या कड्यावर निळसर उजेड, आणि वर आकाशगंगेचा दाट पट्टा. वृश्चिकाची नांगी किल्ल्याच्या माथ्यावर वळलेली आहे. शहरातील प्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा त्याखालील वही दोन दिवसांत भरली. 'अप्रतिम', 'निव्वळ थक्क', 'शब्दच नाहीत' अशा नोंदींची तीत गर्दी होती. त्यांतील एक 'अप्रतिम' प्रस्तुत लेखकाच्या हातचा होता, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

२

शाळेच्या व्याकरणात वाक्यांचे विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी आणि आज्ञार्थी असे प्रकार आपण शिकलो. हीच विभागणी अभिप्रायांना लावून पाहिली, तर वहीतील बहुतेक नोंदी उद्गारार्थी ठरतात. छायाचित्रणाच्या जाणकारांच्या नोंदी थोड्या, पण त्या प्राय: आज्ञार्थी : 'खालचा भाग आणखी गडद करा', 'क्षितिजावरची पिवळट झाक काढून टाका'. विधान आणि प्रश्न जवळजवळ नव्हतेच.

उद्गाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो आनंदाची पावती आहे. परंतु उद्गार खरा की खोटा, हे ठरविता येत नाही. म्हणून त्याच्याशी वादही घालता येत नाही आणि त्यापासून शिकताही येत नाही. आज्ञेचेही तसेच. ती पाळता येते किंवा मोडता येते. तपासता येत नाही. चित्रकर्त्याला ज्याचा उपयोग व्हावा असा अभिप्राय विधानाच्या किंवा प्रश्नाच्या रूपातच असू शकतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

ह्या संदर्भात 'अप्रतिम' हा शब्द मौजेचा आहे. ज्याला प्रतिमा नाही, म्हणजे जोड नाही, ते अप्रतिम. प्रतिमेलाच अप्रतिम म्हणताना आपण नकळत असेही म्हणून जातो की, ही जिची प्रतिमा आहे अशी वस्तू कोठे नाही. प्रस्तुत चित्राच्या बाबतीत हा शब्दार्थ दुर्दैवाने अक्षरश: खरा होता. तो कसा, हे आता पाहू.

३

आकाशाच्या छायाचित्राला एक सोय आहे, जी इतर बहुतेक छायाचित्रांना नाही : त्याचा अर्धा भाग गणिताला बांधलेला असतो. घाटघरचा अक्षांश उत्तर १९ अंशांहून किंचित अधिक आहे. तेव्हा तेथे ध्रुव उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवरच असणार. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा ज्या बिंदूभोवती फिरतात तो बिंदूही तेथेच. आकाशगंगेचा मध्य धनु राशीत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २९ अंशांवर आहे. तो घाटघरच्या आकाशात ४२ अंशांच्या आसपासच चढतो, डोक्यावर कधीच येत नाही. मेच्या मध्यास तो पहाटे पावणेतीनच्या सुमारास दक्षिणेस उंचावर असतो, आणि रोज चार मिनिटे ह्या हिशेबाने महिन्याला दोन तास अगोदर तेथे पोचतो.

आता चित्राकडे पाहावे. आकाशगंगा सांगते की वेळ उत्तररात्रीची आहे. कड्यावरचा निळसर उजेड सांगतो की सूर्य नुकताच मावळला आहे. एकाच वाक्यात दोन काळांची क्रियापदे आली आहेत. दुसरी गोष्ट प्रमाणाची. ज्येष्ठेपासून मूळाच्या नांगीपर्यंतचे अंतर सुमारे १७ अंश आहे. हात लांब करून वीत ताणली तर ती साधारण २० अंश भरते, म्हणजे वृश्चिकाचा हा भाग एका वितेत मावतो. त्याच माळावर उभे राहून त्याच वितेने किल्ला मोजला, तर चित्रातील वृश्चिक किल्ल्याच्या मानाने फार मोठा झाला आहे हे कोणासही कळेल. विद्यार्थिनीला विचारले तेव्हा तिने आडपडदा न ठेवता सांगितले : जमिनीचा भाग संध्याकाळी २० मिलिमीटरच्या लेन्सने घेतला, आकाश पहाटे ३५ मिलिमीटरच्या लेन्सने. म्हणजे आकाश पावणेदोन पट मोठे झाले होते. वहीत पाने भरभरून लिहिणाऱ्यांपैकी एकानेही तिला ही गोष्ट विचारली नव्हती.

४

येथे एका सोप्या पण चुकीच्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. 'डोळ्यांना असे दिसत नाही, म्हणून चित्र खोटे' असा आक्षेप आकाशचित्रांवर वारंवार घेतला जातो. तो टिकणारा नाही. अंधुक प्रकाशात माणसाच्या डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत. कॅमेऱ्याला ते दिसतात, एवढ्याने कॅमेरा खोटा ठरत नाही. स्थिर तिपाईवर २० मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे २५ सेकंदांपलीकडे शटर उघडे ठेवले तर तारे बिंदू न राहता रेघा होऊ लागतात. म्हणून ताऱ्यांबरोबर फिरणाऱ्या यंत्रावर कॅमेरा बसवून अनेक चित्रे घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. सोळा चित्रांची सरासरी घेतली तर कॅमेऱ्यातील यादृच्छिक दाणेदारपणा चौथाईवर येतो. ह्यात लबाडी कसलीच नाही. एकच वाक्य सोळा वेळा ऐकून ते नीट लिहून घेण्यासारखे हे आहे.

दोन वेळांची चित्रे जोडणे ही निराळी क्रिया आहे. ती दोन वाक्ये 'आणि'ने जोडण्यासारखी आहे. जोडावयास हरकत नाही. फक्त तो 'आणि' वाचकाला दिसला पाहिजे. आकाश मोठे करणे म्हणजे वाक्यातील संख्या बदलणे, आणि चित्रातून एखादी वस्तू पुसणे म्हणजे शब्द गाळणे. ह्या चार क्रियांना चार नावे आपल्याजवळ नाहीत, म्हणून आपण त्या सर्वांना एकतर 'कौशल्य' म्हणतो किंवा 'बनावट' म्हणतो. मराठी साहित्यसमीक्षेने असा गोंधळ पुष्कळ अंशी मागे टाकला आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथातील संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे चित्रालाही लावता येतात, आणि प्रस्तुत चित्र त्या कसोटीवर उत्तम उतरते : किल्ल्याचा आडवा भार आणि आकाशगंगेचा तिरपा पट्टा ह्यांचा तोल सुरेख आहे. परंतु स्थळाचे नाव घेऊन उभे राहणारे छायाचित्र केवळ रचना नसते. ते एका ठिकाणाविषयी विधान करते, आणि विधानाला रचनेपलीकडची जबाबदारी असते.

५

शब्द गाळण्याचा उल्लेख वर आला, तो ह्याच चित्राच्या संबंधात. प्रदर्शनानंतर विद्यार्थिनी चित्राची प्रत घेऊन घाटघरला गेली. ज्या घरी आमची मंडळी उतरली होती, त्या घरच्या बाईंना ती द्यावयाची होती. प्रस्तुत लेखक सोबत होता. बाईंनी चित्र उजेडात धरले, जीवधन ओळखला, आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले, "पोरी, आमचा दिवा कुठं गेला गं?"

त्या कोपऱ्यात त्यांच्या पडवीचा विजेचा दिवा होता. रात्रीच्या चित्रांत त्याचा झोत फार पसरत होता, म्हणून तर जमिनीचा भाग संध्याकाळी घेतला गेला. आणि तेथेही तो ठिपका खुपू लागला, तेव्हा पुसून टाकला गेला. मुलगी म्हणाली, "मावशी, चित्रात तो खुपत होता, म्हणून काढला."

"खुपत व्हता? रातभर तुमच्याचपायी लावून ठेवला व्हता की."

बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. प्रत त्यांनी भिंतीवर लावलीही. परंतु त्या चित्राला तोवर मिळालेला पहिला खरा अभिप्राय हाच, असे आम्हांला वाटते. तो प्रश्नार्थी होता, चित्रातील एका नेमक्या जागेविषयी होता, आणि त्याचे उत्तर देता येत होते. 'अभिप्राय' ह्या शब्दाचा मूळ अर्थ हेतू, आशय असा. मत हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. चित्रकर्तीच्या हेतूपर्यंत जाऊन पोचणारा प्रश्न बाईंनी विचारला, आम्ही नुसते मत नोंदविले.

ह्यात भावनेचाच प्रश्न आहे असे नव्हे. आज घाटघरच्या माळावरून रात्री पश्चिमेकडे पाहिले, तर घाटाखाली कोकणपट्टीच्या आणि त्यापलीकडे कल्याण-मुंबईकडच्या दिव्यांची झाक क्षितिजावर चढलेली दिसते. जाणकारांनी जी 'पिवळट झाक' काढावयास सांगितली ती हीच. उद्या कोणी ह्या आकाशाचा अंधार राखावा म्हणून मागणी केली, तर पुरावा म्हणून तो कोणती चित्रे दाखविणार? ज्यांतून झाक पुसली आहे ती चित्रे सांगतील की येथे काही बिघडलेलेच नाही. आणि ज्यांतून गावचा दिवा पुसला आहे ती सांगतील की येथे कोणी राहतच नाही. पडवीतला एक दिवा आणि एका महानगराचा उजेड ह्यांतला फरक वादात यावयाचा असेल, तर दोन्ही चित्रात असले पाहिजेत.

६

मग चित्रकर्त्याने करावे काय? उत्तर घाटघरच्या परिसरातच आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती एके काळी कोरलेल्या होत्या. मूर्ती आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. परंतु प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेली नावे राहिली, म्हणून तेथे सिमुक होता, नागनिका आणि सातकर्णी होते, हे आपणांस कळते. प्रतिमा गेली तरी तिची ओळ टिकली. आपण उलट करतो : प्रतिमा जपतो आणि ओळ लिहीतच नाही.

शास्त्रीय छायाचित्रणात ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला ह्यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून टिपले, आणि त्या मोहिमेचा अहवाल १९०२ साली स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली व तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. अहवाल मात्र आजही तपासता येतो. घाटघरच्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रासोबत वेळ, दिशा आणि प्रकाश घेण्याचा काळ ह्यांची नोंद नसेल, तर अभ्यासकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हौशी चित्रकर्त्याकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा करू नये, हे मान्य. पण चार ओळींची अपेक्षा करावयास हरकत नसावी : ठिकाण, तारीख व वेळ, दिशा, आणि काय जोडले वा पुसले.

ठिकाणही नेमके हवे. अकोले तालुक्यात दुसरे एक घाटघर आहे, तेथील जलविद्युत प्रकल्पामुळे ते अधिक परिचित आहे. दोहोंच्या अक्षांशांत फरक पाव अंशाच्या आसपासचा. ध्रुवाची उंची पाहून चित्र कोणत्या घाटघरचे ते सांगणे अवघड. तेथे आकाश मुके असते, शब्दच लागतो.

७

राहता राहिली गोष्ट टीकेच्या भीतीची. तरुण चित्रकर्ते म्हणतात, 'टीका नको, प्रोत्साहन हवे.' 'टीका' शब्दाच्या मराठीतील अर्थसंकोचाचा हा परिणाम आहे. टीका म्हणजे मुळात उलगडा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच, आणि तिचे 'भावार्थदीपिका' हे नाव टीकेचे काम सांगते. दोष काढणे एवढाच अर्थ उरला तो पुढे. जुना अर्थ वर्गात आणि प्रदर्शनात परत आणणे, हे भाषाशिक्षकाचे काम आहे असे आम्ही समजतो.

त्या विद्यार्थिनीने पुढील मे महिन्यात तोच माळ गाठला आणि एकाच वेळी, एकाच लेन्सने चित्र घेतले. आकाश पहिल्याइतके झगझगीत आले नाही. दिव्याचा झोत डाव्या कोपऱ्यात पसरला आहे, उजवीकडे पिवळी झाक आहे. दोन्ही चित्रे तिने शेजारी शेजारी लावली आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या. ह्या खेपेस वहीत 'अप्रतिम' कमी आले. एकाने विचारले होते, दिव्याची वाट कोण पाहत होते? दुसऱ्याने लिहिले होते की दुसऱ्या चित्रात वृश्चिक लहान दिसतो, असे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिने त्याच वहीत खाली लिहिली आहेत. विभागातील कोणा विद्यार्थ्याने अशा वह्या जमवून त्यांच्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास केल्यास तो उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखकाने आपल्या जवळची वही त्यासाठी विभागाच्या ग्रंथालयात ठेवली आहे.